अठराच्या आत ब्लेड नाही

इथे आखातात, अल् घुब्रात, आमच्या इमारतीखाली रत्नागिरीच्या एका चाचांचं किराणा दुकान आहे. गाडीतून हॉर्न दिला की दूध, खुबूसच्या रोट्या, काहीही ते काचेपाशी आणून देतात. ब्लेड मात्र नाही. त्यासाठी उतरून आत जावं लागतं, आणि अठराच्या आतल्यांना ते मिळतच नाही.

"सरकारचा नियम आहे का, चाचा?" मी एकदा हसून विचारलं होतं.

"सरकारचा नाय, माझा."

परवा दूध देऊनही ते काचेपाशीच उभे राहिले. "साहेब, इंजिन बंद करा."

मी केलं.

"तुमची मुलगी काल ब्लेड मागत होती. म्हणाली, पप्पांना दाढीला पायजे."

मी कॉलेजपासून दाढी राखतो. चाचा माझ्या दाढीकडेच बघत होते.

"मी दिलं नाय. पण दुकानं पुष्कळ आहेत."

या उकाड्यात ती घरातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. मी तिला त्यावरून चिडवत आलोय.

मागची गाडी हॉर्न वाजवू लागली. चाचांनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी माझं दार उघडून धरलं.

"यल्ला, चला, वर जा. ओरडू नका तिच्यावर. मी माझ्या पोरावर ओरडलो होतो."