हळदीला गुलाबाचा वास

तमाम वाचकांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, वऱ्हाडातील सर्वांत सुगंधी गुन्ह्याचा तपास प्रस्तुत लेखकाने केला आहे. इतक्या वर्षांनीही ती घटना विसरता येत नाही, कारण तिचा वास अजून नाकात आहे.

महायुद्धाचे दिवस. वाशीमकडच्या एका ठाण्यात मी नवा ठाणेदार. सकाळची हजेरी चालू असताना आसेगावच्या बाजूचा एक शेतमालक बैलांच्या दमणीतून उतरला. संध्याकाळी त्याच्या मुलीचं लग्न होतं, आणि तो विषप्रयोगाची फिर्याद घेऊन आला होता.

"काल हळद लागली, साहेब. आज पोरीचं तोंड पाहा तं भोपळा. डोयेच उघडत नाही."

संशय एकीवरच. आपल्याकडे आधी नवरदेवाला हळद लागते आणि त्याची उष्टी हळद नवरीला जाते. ती वाटी नवरदेवाच्या वहिनीने आणली होती. नवरदेव ठणठणीत, नवरी सुजलेली. म्हणजे विष वाटेत पडलं. शिवाय वहिनीला या दिराशी स्वतःची बहीण जुळवायची होती. हेतू मिळाला, संधी मिळाली. नव्या ठाणेदाराला आणखी काय हवं?

दुपारी लग्नघरी जाऊन वाटी जप्त केली, पंचनामा केला, वहिनीला ओसरीवर बसवलं. तिच्या नवऱ्याने सर्वांसमोर सांगितलं, की डाग धुतला नाही तर आजच तिला माहेरी पोचवतो. ती रडली नाही.

"मले कायले इचारता, साहेब? मी वाटी देली तवा हळदीले हळदीचा वास होता. आता सुंगा."

मी हुंगली. घमघमीत गुलाब. गावात गुलाबाचं झाड तर औषधालाही नव्हतं. मग मला हळद लावणाऱ्या पाचही सवाशिणींचा संशय येऊ लागला. त्यांच्या जबान्या घेतल्या, तर प्रत्येकीने शेजारणीकडे बोट दाखवलं.

एवढ्यात माझा म्हातारा जमादार कानाशी लागला. "साहेब, फिर्यादीनं दोनदा माह्याकून तमाखू चोळून घेतली. वऱ्हाडातला मानूस पोरगी दुसऱ्याच्या घरी देईन, पन तमाखू दुसऱ्याच्या हातानं चोळनार नाही."

मी फिर्यादीकडे वळलो. "मालक, उजवा हात दाखवा."

हात उपरण्याखाली होता. बाहेर आला तेव्हा तळवा लाल, बोटांवर फोड. त्यावर तंबाखूचा चुना कसा सोसणार?

आता हळद लावणं हे सवाशिणींचं काम, तेही आंब्याच्या पानाने, म्हणून त्यांचे हात शाबूत. तिच्यात बापाचा हात जायचं कारणच नाही.

"हळदीत हात काहून घातला?"

तो उपरणं चाचपत हळूच म्हणाला, "वाशीमहून इलायती गुलाबाच्या अत्तराची बाटली आनली होती. व्याह्यायनं म्हनावं, घर मोठं आहे. सारी ओतली अन् कालवली. हात पोयला तं वाटलं, या बाईच्या इखानं मलेबी धरलं. पन बापानं हळद कालवली म्हनलं असतं तं लोक हासले असते."

कोनाड्यातून रिकामी बाटली निघाली. वहिनीनेच नवरीचं तोंड गार पाण्याने धुऊन त्यावर तूप लावलं. गोरजाला अक्षता पडल्या.

दुसऱ्या दिवशी मी बाटली विकणाऱ्या दुकानदाराचं बयान घेतलं. "रुमालाले एक थेंब लावाची चीज आहे, साहेब. कारखान्यात बनते, फूल फक्त वरच्या चित्रात. आत काय टाकते, ते कोनी लिवत नाही."

त्या बाटलीने मला एक धडा दिला. त्या दिवशी मी वहिनीवर संशय घेतला, पाच सवाशिणींवर घेतला, वाटीवर घेतला, जवळजवळ वाटेवरच्या बाभळीवरही घेतला. गुन्हेगार मात्र माझ्या नाकासमोर दरवळत होता. वाईट वासाची चौकशी कोणीही करतं. चांगल्या वासाला कोणी नाव-गाव विचारत नाही.

फिर्यादीलाही हे लगेच पटलं नव्हतं. लग्नाच्या संध्याकाळी भर मांडवात मी त्याला वहिनीची माफी मागायला उभं केलं. त्याने फोडांसकट हात जोडले, मान खाली घातली, आणि सगळे कान देऊन असताना त्याच्या तोंडून निघालं:

"चुकलंच बाई माहं. पन वास तं चांगला होता ना?"