लुगडं नेसलेला दिग्दर्शक

आम्ही ट्रेनिंग कॉलेजातले मित्र जमलो की आमच्या फिल्मचे किस्से निघतातच. एकानं एक सांगितला की दुसऱ्याला तीन आठवतात, आणि प्रत्येक खेपेला त्यांत थोडी भर पडते. गेल्या वर्षी माझी पत्नी गेली. तेव्हा ही मंडळी रोज संध्याकाळी येऊन बसायची. बोलणं सुचेनासं झालं की कुणीतरी म्हणायचं, "ते फोटोवाल्याचं सांग रे." त्या संध्याकाळी मी निभावल्या त्या यांच्याच जिवावर.

*

सोलापुरात बोलपट यायच्या आधीची गोष्ट. सात रस्त्याजवळ गोविंदरावांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांनी हातानं दांडी फिरवायचा एक जुना सिनेमाचा कॅमेरा आणला होता. गॅदरिंगसाठी आम्ही त्यांना गळ घातली. ते तयार झाले, पण रीळ एकच होतं. चुकलं तर चुकलं.

गोष्ट मी लिहिली: नवी नवरी सासरी जाते. म्हणून दिग्दर्शकही मीच. नवरा झाला नरसय्या, विणकराचा मुलगा. नवरी व्हायला मात्र कुणी तयार होईना.

नरसय्या म्हणाला, "बापू, गोष्ट तुझी की. मग लुगडं बी तूच नेस."

लुगडं त्याच्याच घरच्या मागावरचं निघालं.

*

गोविंदरावांचा सगळा जन्म लोकांना खुर्चीवर बसवून फोटो काढण्यात गेलेला. पहिल्या प्रसंगात नवरा-नवरी उंबरा ओलांडून बाहेर येणार होते. गोविंदरावांनी दांडीला हात घातला आणि सवयीनं ओरडले, "कुणी हलू नका!"

आम्ही हललो नाही. दांडी फिरत राहिली, रीळ संपत राहिलं.

"अरे, चाला की."

"तुम्हीच म्हणालात हलू नका," नरसय्या ओठ न हलवता म्हणाला.

*

पाठवणीचा प्रसंग नरसय्याच्या गल्लीत घेतला. "गर्दी पाहिजे," एवढंच मी सांगितलं होतं. कॅमेरा दिसताच सगळी गल्ली फोटोला सजली. म्हातारे पुढं गुडघ्यांवर हात ठेवून बसले, बायका मागं उभ्या. एक आजोबा कोट घालायला घरी गेले. त्यांच्यासाठी थांबावं लागलं.

पडद्यावर मी रडत चाललोय आणि माझ्यामागं अख्खी गल्ली श्वास रोखून बसलीय. हलतेय ती फक्त एक शेळी.

आमचे प्राचार्य नंतर म्हणाले, "शेळीनं काम बरं केलं."

*

त्याच दिवसांत घरी माझ्या लग्नाचं चाललं होतं. मुलगी मैंदर्गीची, तिथल्या मुलींच्या शाळेत शिकवणारी. नात्यातल्या एका लग्नात मी तिला बोलताना ऐकलं होतं. तेव्हापासून मला दुसरं स्थळ नको होतं. पण नाटक-सिनेमाच्या नादाला लागलेल्या मुलाला तेव्हा कोण मुलगी देणार?

तिचे वडील, अण्णा, न कळवताच मुलगा बघायला आले. घरून कुणीतरी त्यांना पाठवणीचा प्रसंग चालला होता त्या गल्लीत पाठवलं. मी पदर सावरत उभा होतो. ते थेट माझ्याकडेच आले आणि धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "तंगी, मास्तरांचा बापू कुटं हाय गं?"

मी पदर आणखी पुढं ओढला. नरसय्यानं सांगून टाकलं, "हीच की ती."

अण्णांनी मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं. "गाडीची येळ झाली," म्हणाले आणि वळले.

"संपलं," घरी वडील एवढंच बोलले.

*

गॅदरिंगला मात्र अण्णा आले, सोबत मुलगी. माझं मी बघून ठरवीन, असं तिनं घरी सांगितलं होतं म्हणे.

अंगणात पडदा लावला होता. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मी पडद्यावर रडायला लागलो तशी पुरुषांची बाजू हसून लोळायला लागली. बायकांची बाजू गप्प. मला ती शांतताच जास्त लागली.

खेळ संपला आणि अण्णा माझ्याकडे आले.

"पोरगी इचारतीया, असं रडायला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. ताईच्या पाठवणीला मी गाडीमागं वेशीपर्यंत गेलो होतो. तेच आठवलं."

अण्णा बायकांच्या बाजूला गेले. बराच वेळ आले नाहीत. परत आले तेव्हा ते मिशीत हसू दाबत होते.

"व्हय म्हणतीया," ते म्हणाले. "पर लग्नात लुगडं तीच नेसणार, म्हणतीया."