पहिल्या दाबाला

आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, ब्रेक दोनदा मारायची सवय. आमच्याकडे जुने ट्रक चालवणारे सगळेच तसं करतात. पहिला दाब गाडीला सांगायला, दुसरा थांबवायला. त्यामुळे नव्या ब्रेकचं पॅडल पहिल्या दाबाला पार खाली जातं, हे त्यांना खुपलंच नाही. मला खुपलं. शनिवारी मी नांदेडहून जळकोटला घरी आले, आमची पिकअप गाडी सावलीत लावायला म्हणून बसले आणि पाय थेट फळीला टेकला.

सोमवारी ते आईला शेजारी बसवून तुरीची पोती उदगीरला नेणार होते. वाटेत उतार आहे. मागे त्याच उतारावर गाडी वेळेत थांबली नव्हती, एक बैलगाडी थोडक्यात वाचली होती. म्हणून तर अहमदपूरच्या फिटरकडून पुढच्या चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून नवे डिस्क ब्रेक बसवून घेतले. रविवारी मला धड जेवण गेलं नाही. ताटावरून उठून सारखी गाडीखाली डोकावून यायचे.

"बस की जरा! पायाला भिंगरी लागली का?" आई म्हणाली.

ब्रेकच्या तेलात हवा अडकली की पॅडल असं मऊ लागतं; शेवटी भर उन्हात ती काढायला घेतली. आप्पा पॅडलवर, मी चाकाशी. चाकामागच्या निपलला, म्हणजे हवा सोडायच्या स्क्रूला, पारदर्शक नळी, नळीचं टोक तेलाच्या बाटलीत. "दाबा! धरा!" मी ओरडायचे, निपल सैल करायचे, बुडबुडे यायचे. पण निपल आवळायच्या आत आप्पांचा पाय वर, आणि निघालेलं तेल पुन्हा आत.

"आप्पा, धरा म्हणजे धरा ना!"

"धरूनच तर राहिलो की, माय."

मी चिडून पान्हा आपटला. चारही चाकं झाली, बुडबुडे थांबले, तरी पॅडल मऊच. आप्पा खुशीत होते. "दुसऱ्या दाबाला दगडावानी लागून राहिलं. लई किरकिर करती तू." मला ते ऐकवेना. पुन्हा चाकाखाली घुसले, तेव्हा दिसलं की पुढच्या दोन्ही बाजूंची निपलं खाली तोंड करून आहेत. शेतातल्या पाइपलाइनला हवेचा व्हॉल्व चढावर बसवतात, खड्ड्यात नाही. हवा वरच जाते. फिटरने डिस्कला आवळणारा डावीकडचा कॅलिपर उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावला होता. मी त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. दोन्ही कॅलिपर खोलून अदलाबदल केली, पुन्हा हवा काढली. या वेळी पॅडलवर आईला बसवलं, कारण आप्पांवर माझा भरवसा नव्हता. आईने सांगितलं तसं धरलं. नळीतून फुरफुर करत केवढी तरी हवा निघाली.

मी गाडी वेशीपर्यंत नेली आणि एकदाच ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी. दिवसभरात पहिल्यांदा मला श्वास घेतल्यासारखं वाटलं. "आता तुम्ही," मी वेशीपाशी उभ्या आप्पांना म्हणाले आणि शेजारी सरकले. "त्या चिंचेपाशी, एकदाच दाबायचं हं."

त्यांनी एकदाच दाबलं. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. चिंचेच्या झाडापुढे निघून गेली. त्यांनी पुन्हा दाबलं, मग थांबली.

"अजून हवा हाय आत," ते म्हणाले.

मी खाली बघितलं. पॅडल वरच होतं, घट्ट. त्यावरचा त्यांचा पाय घोट्यापासून थरथरत होता. डिस्क ब्रेकला पाय जास्त जोरात दाबावा लागतो, आणि तो जोर त्यांच्यात उरला नव्हता. दोनदा दाबणं ही नुसती सवय नव्हती, आणि मी दिवसभर त्यांच्यावर ओरडत होते.

"आप्पा, उद्या मी नेते गाडी. रजा टाकते."

ते चावी तशीच ठेवून खाली उतरले, बोनेटला वळसा घालून माझ्या बाजूला आले. मी स्टिअरिंगमागे सरकले. ते दाराची दांडी खाली ओढत राहिले, दार उघडेना. ती वर उचलून ओढावी लागते. आईला ते माहीत होतं. ते त्या बाजूला कधी बसलेच नव्हते.

"आतून काढ की, माय," ते म्हणाले.