पहिली घंटी

अकोल्याच्या कोर्टामागच्या गल्लीत सकाळी टकटकाट सुरू झाला, की शेजारीपाजारी म्हणायचे, "लागली तायडे सरांची जिनिंग!" पत्र्याच्या एका खोलीत देवमन तायडे यांचा मराठी टायपिंगचा क्लास होता. वडिलांनी धामणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये जन्मभर हमाली केली होती, म्हणून ही थट्टा सरांना टोचत नसे. "माह्या बापानं सरकी काढली, मी अक्षरं काढतो," असं ते ऐटीत सांगायचे.

क्लासची एक रीत होती. हातांवर फडकं, नजर समोरच्या कागदावर. सरांनी टेबलावर पट्टी आपटली की सगळ्यांनी एकदम ओळ सुरू करायची. ओळ संपत आली की मशीन घंटी देते. पहिली घंटी सरांची, हे ठरलेलंच. शेवटची ज्याची, त्यानं सगळ्यांच्या मशिनी पुसायच्या. सरांच्या आधी घंटी वाजवणारा अजून त्या खोलीत बसला नव्हता. आपल्या या मशीनवरच त्यांनी अमरावतीच्या स्पर्धेत ढाल जिंकली होती. ढाल भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीखाली.

आणि अशात नवा कळफलक आला. सरकारी कचेऱ्यांत येणाऱ्या नव्या मशिनींवर कितीतरी अक्षरांनी घरं बदलली होती. जुन्या कळफलकाची परीक्षा काही बंद झाली नव्हती, त्यामुळे सरांवर सक्ती नव्हती. नव्या कळफलकाचा तक्ता त्यांनी आणला, भिंतीला लावला आणि दुसऱ्या दिवशी उलटा करून ठेवला.

"काऊन उलटा केला?" बायकोनं, मनकर्णाबाईंनी विचारलं.

"पोरं गोंधळतात."

"पोरं, का तुमी?"

सरांचं खरं दुखणं त्यांनी नेमकं पकडलं होतं. टायपिंग डोक्यात नसतं, बोटांत असतं. नवं शिकायचं म्हणजे आधी बोटांना जुनं विसरायला लावायचं. ढाल जिंकलेल्या माणसानं पुन्हा पहिल्या धड्यावर बसायचं, तेही आपल्याच पोरांसमोर!

मग एका संध्याकाळी पुंजाराम आला. सरांचा हुशार विद्यार्थी, नुकताच कचेरीत लागलेला. पेढे आणेल असं वाटलं होतं, पण तो दारातच उभा राहिला.

"जयभीम सर."

"जयभीम. ये ना बाप्पा, दारात काऊन उभा?"

"तिथं नवी मशीन हाय, सर. बोटं जुन्याच जागी जातात. मोठे कारकून सगळ्यांसमोर म्हणतात, कोण्या गुरुजीनं शिकवलं रे तुले?"

"मंग तू काय म्हटलं?"

"तुमचं नाव नाई सांगितलं, सर."

सरांच्या मनाला हे फार लागलं. आजवर पोरं त्यांचं नाव अभिमानानं सांगत आली होती. आज एकानं ते लाज राखायला लपवलं. पुंजाराम गेल्यावर सरांनी तक्ता सरळ केला आणि टायपिंगच्या मशिनी दुरुस्त करणाऱ्या अमरावतीच्या नत्थुजी मिस्त्रींना निरोप धाडला.

नत्थुजींनी क्लासच्या मशिनी पाहिल्या. जुन्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी दोन तशाच ठेवायच्या, बाकीच्यांचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, बदलायचे, असं ठरलं. शेवटी सरांनी आपली मशीन पुढं सरकवली. नत्थुजींचा हात थबकला.

"हे नको, सर. एकदा खिळे उतरवून नवे डाग देऊन जोडले की मागं फिरता येत नाई. राहू द्या तिले ढालीजवळ."

"ती तशी राहिली तर मी रोज तिच्याकडंच पळीन," सर म्हणाले. "उतरवा."

काम संपलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी सर नव्या पोरांच्या रांगेत बसले. शेजारी बाळापूरकडची सुभद्रा इंगळे होती. तिनं जुना कळफलक कधी पाहिलाच नव्हता. पट्टी आपटायला मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. सरांनी स्वतःच्या हातांवर फडकं टाकलं. पट्टी वाजली. एकेक घंटी वाजत गेली, खोली शांत झाली, तरी सरांची एकटी मशीन अडखळत, धापा टाकत चालली होती. अखेर घंटी झाली. कोणीतरी खुदकन हसलं.

सर उठले, हातावरचं फडकं घेतलं आणि पहिल्या मशीनपासून पुसायला लागले.

"सर, राहू द्या ना!" सुभद्रा म्हणाली.

"काऊन? नियम का फक्त तुमच्यासाठीच हाय?"

मग कोणी हसलं नाही. सरांनी त्या पावसाळाभर मशिनी पुसल्या. घाई झाली की बोटं जुन्या घरी धावायची. मग सर थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा सुरू. हळूहळू ती नव्या घरी रुळली. एक दिवस शेवटची घंटी दुसऱ्या कोणाची झाली, त्यानंतर सर एकेकाला मागं टाकत वर सरकले. दिवाळीनंतर त्यांच्यापुढं फक्त एकच घंटी उरली, सुभद्राची.

एका सकाळी पट्टी वाजली आणि दोघांच्या मशिनी अशा काही धावल्या, की बाकीच्यांनी हात थांबवून नुसतं ऐकलं. एक घंटी वाजली. तिच्या पाठोपाठ दुसरी.

पहिली सुभद्राची होती. तिनं घाबरून सरांकडं पाहिलं.

"माह्याकडं काय पाह्यतं? ओळ बदल, पुढचं लिही," सर म्हणाले. पण आवाज असा काही फुलला होता की मनकर्णाबाई पट्टी खाली ठेवून त्यांच्याकडं पाहायला लागल्या.

"हरले अन् हसून राहिले?" घरी परतताना त्यांनी विचारलं.

"हरलो कुठं? जुन्या मशीनवर माही घंटी पहिली यायची, कारण माह्यापुढं जाईल असं पोरगं मी घडवलंच नव्हतं." मग म्हणाले, "पुंजारामले सांगणं धाड. सकाळी कचेरीच्या आधी येऊन बसत जा म्हणावं. अन् कारकुनानं पुन्हा विचारलं, तर माहं नाव सांग म्हणावं. जोरात."