वरून वतलेलं ताक

कढई पेटली! तेलातनं भक्कन जाळ उठला, वर पाचटाचं छप्पर, शेजारी झोळीत माझं चार महिन्याचं लेकरू, आन माझ्या हातात पान्यानं भरल्याली कळशी. "देवी आई, धाव," एवढंच तोंडातनं निघालं.

चूक माझीच हुती. मंगळवारचा देवीचा निवद. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, ओटी भरायला देवळात गेलेल्या. जाताना बजावलं हुतं, निवद दावस्तवर सैपाकघरात कुनाला घिऊ नको. कुरडया तळायला करडीचं तेल चुलीवर ठिवलं, तेवढ्यात लेकरू रडलं, मी त्याला पाजत बसले आन तेल इसरलेच. धूर दिसला तरी वाटलं, तापू दे आजून. झोळीत निजवलं आन माघारी वळले तर जाळ.

आता पानी वतनार, तर मागल्या दारातनं कुनीतरी वरडलं, "वैनी, पानी नगं! तेल उडंल, छप्पर धरंल!"

बौद्धवाड्यातली गयाबाई हुती. रोज सकाळी ताकाला यायची, उंबऱ्याभाईर हुबी ऱ्हायची. मी वरनं धार धरायची, भांड्याला भांडं लागू द्यायची न्हाई. तशीच रीत हुती. त्या दिशी ती आत आली. परातीतली निवदाची कनीक पाटावर पालथी केली आन ती परात कढईवर दाबून ठिवली. चुलीतली लाकडं वढून अंगनात फेकली.

"लेकरू घे! पदर खोच आधी, जाळात चाललाय!"

मी कळशी धरून तशीच हुबी.

"आगं, माय हाईस का खांब? हाल की!"

मी लेकराला उचललं. जाळ परातीखाली गुदमरून मेला. मी परात काढाय गेले तर तिनं हातावर चापट मारली. "निवू दे. आत्ता उघडलीस तर फिरून पेटंल." कारखान्याच्या भटारखान्यात तिनं दोन हंगाम भजी तळली हुती, तिथं शिकली हुती. तिच्या उजव्या हाताला टरारून फोड आले हुते. मी त्याच्यावर गार पानी वतलं. तेबी वरनंच.

आत्याबाई आल्या तवा ती उंबऱ्याभाईर जाऊन हुबी ऱ्हायली हुती.

"जळकट वास कसला गं?"

"कढई पेटली हुती."

"आन इझिवली कुनी?"

गयाबाई ऐकत हुती. "देवीनं," मी म्हनले.

आत्याबाईंनी हात जोडले. गयाबाई जरा हसली. "घाला ताक वैनी, खुरपायला जायचंय." तिनं डाव्या हातानं भांडं म्होरं केलं. आन मी वरून धार धरली.

तिनं पालथ्या केलेल्या त्याच कनकीच्या पोळ्या लाटल्या, निवद दावला. देवीम्होरं मान वर झाली न्हाई. मी हाक मारली आन ती आली हुती, मागल्या दारानं, आन मी तिला ताक घालून भाईरच्या भाईर लावली.

आठ दिस मनातच ठिवलं. शेवटाला आत्याबाईंना समदं सांगितलं. त्या तांदूळ निवडत हुत्या. हात थांबला. मंग म्हनल्या, "गोड झाल्या हुत्या गं पोळ्या." आन पुन्यांदा निवडाय लागल्या.

दुसऱ्या सकाळी मी गयाबाईला म्हनले, "आत ये."

ती उंबऱ्यावरच थांबली. "का? आता काय पेटलं?"

मला रडूच फुटलं. तिच्या भांड्याला भांडं टेकवून ताक वतलं, निम्मं सांडलं. "सांडू नगं की, भाजीला पायजे," ती म्हनली.

आता तेल ठिवलं की मी चुलीपासनं उठत न्हाई. झोळी भाईरच्या खोलीत बांधलीया, पदर कंबरंला खोचलेला आसतो, परात हाताशी. देवीला रोज हात जोडते, लेकरू राखलंस म्हनते. तिनं कंच्या दारानं यावं ते आपन ठरवायचं न्हाई, एवढं कळलं. पन ते 'देवीनं' म्हनलेलं अजून आत सलतंय. सासू म्होरं हुबी, गयाबाई उंबऱ्याभाईर भाजल्याला हात पदराखाली घिऊन. तुमी माझ्या जागी आसता, तर कुनाचं नाव घेतलं आसतं?