पोपटीनंतरचा सोमवार

वजन कमी करायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात माझे दोन किलो उतरले. त्या आनंदात रविवारी नेऱ्याला मावशीकडे गेलो आणि मडक्यात भाजलेली पोपटी खाल्ली, वालाच्या शेंगा, अंडी आणि भरपूर जाडं मीठ. सोमवारी सकाळी काटा दीड किलोने वर. मी तो उचलून स्वयंपाकघरात ठेवला, मग बाल्कनीत. आकडा तोच.

नर्स असलेली माझी बायको चहा पीत बघत होती. "एका दिवसात एवढी चरबी चढत नाही," ती म्हणाली. "मिठाने पाणी धरून ठेवलंय. आणि आधी उतरलं तेही बरंचसं पाणीच होतं."

पहिलं ऐकून बरं वाटलं, दुसरं ऐकून रागच आला. गुरुवारपर्यंत दीड किलो आपोआप गेले. आता मी आठवड्यातून एकदाच वजन करतो, तेही ती ड्युटीवर असताना.