टक्केबाई

टक्केबाईंनी टक्क्याचं चिन्ह एकदाच लिहिलेलं मी कधी पाहिलं नाही. भिंतीवरच्या फळ्यावरसुद्धा 'हजेरी ९०%%'. एकच पुरे, असं कोणी म्हणालं, की चष्म्यावरून बघायच्या. "तुम्हाला पुरे हो. कॉम्प्युटरला पुरत नाही."

हे नाव आमच्या टीमने ठेवलेलं, आणि ते त्यांना माहीत होतं. सदाशिव पेठेतून हिंजवडीला कंपनीच्या बसने दीड-दोन तास येत आणि आल्या आल्या आमचा कोड तपासायला बसत. मी वाशीमकडचा, घरातला पहिला पदवीधर, अजून प्रोबेशनवर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समजावलं होतं: छापायच्या मजकुरात टक्का एकटा दिसला, की कॉम्प्युटरला तो हुकूम वाटतो, इथे आकडा भर म्हणून. नुसतं चिन्ह हवं असेल, तर ते जोडीने लिहायचं. मी वहीत उतरवून घेतलं आणि तरी दोनदा चुकलो. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "वही छान ठेवलीय. उघडताही येते का?"

तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली. त्या रजेवर असताना एका पॅथॉलॉजी लॅबच्या रिपोर्टातली ओळ मी कोणाला न दाखवताच पाठवून दिली: '50% diluted'. कॉम्प्युटरने टक्का आणि पुढचा d गिळला आणि तिथे भलताच आकडा छापला: '50 3721iluted'. लॅबवाल्यांनी चाचणीतच पकडलं, म्हणून पेशंटपर्यंत गेलं नाही. पण साहेबांनी मीटिंग बोलावली. तपासलं कोणी, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "मी, रजेवर जायच्या आधी. नजरेतून सुटलं."

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना म्हणालो, साहेबांना खरं सांगून टाकतो. त्यांनी डबा उघडलाच नव्हता.

"सांगा की. मग वाशीमची गाडी किती वाजता आहे तेही बघून ठेवा. अहो, माझं चुकलं तर चूक म्हणतील. तुमचं चुकलं तर लायकी काढतील."

मी साहेबांकडे गेलो नाही. महिन्याभरात मी कायम झालो. पुढे माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा यादीत बाईंचं नाव होतं, आणि कारणांमध्ये ती चूकही होती, असं कानावर आलं. शेवटच्या दिवशी त्यांची पिशवी घेऊन बसपर्यंत गेलो. माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, "उद्यापासून ही बस नाही, हेच पुष्कळ आहे. तुम्ही तेवढं विचारायला शिका."

आता नव्या मुलांचा कोड मी तपासतो. संध्याकाळी डोळे जड होतात. तरी तीच गोष्ट चौथ्यांदा विचारायला कोणी आलं, तर खुर्ची सरकवून जागा करून देतो. ती ओळ माझी होती, हे मात्र ऑफिसात अजून कोणालाच सांगितलेलं नाही.